एका माणसापुरती बाटली

साहतीला झाकण सोसत नाही आणि उघडंही राहवत नाही. घट्ट बंद केली तर आतल्या आत धुमसते आणि भांडं फोडते. उघडी ठेवली तर दोन दिवसांत आंबट तोंड करून बसते. लाहदेनपेरा या उत्तरेकडच्या गावात ही जवाची बिअर घरोघरी होते, त्यामुळे तिच्या या स्वभावाचं तिथे कुणाला काही वाटत नाही. प्रत्येकाच्या नात्यात अशी एखादी आत्या असतेच. एकदा कॅनचं झाकण निघालं की कॅन संपवायचा, हा एकच उपाय. पण कॅन संपवायला माणसं लागतात, आणि त्या उन्हाळ्यात विल्पूचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. त्याच्याकडे दुधाचा चाळीस लिटरचा कॅन काठोकाठ भरलेला होता. माणसं नव्हती.

विल्पू मितभाषी होता असं म्हटलं तर मितभाषी लोकांना राग येईल. त्या गावात मुळात कुणी फार बोलत नाही. दोन शेजारी तळ्याकाठी भेटले, एक ‘हं’ म्हणाला आणि दुसरा ‘हं तर’ म्हणाला, की तिसऱ्याला वाटतं, यांना काही कामधंदे आहेत की नाहीत. अशा गावातही विल्पू अबोल समजला जाई. साइमीला लग्नाचं विचारायला गेला तेव्हा हा बाबा बराच वेळ बूट बघत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, “आमचं तळघर फार थंड आहे.” साइमीला अर्थ कळला. पुढचा सगळा संसार तिने त्याच्या अशाच वाक्यांचे अर्थ लावण्यात आणि ते गावाला समजावून सांगण्यात काढला.

कामाची वाटणी साधी होती. साहती करायची विल्पूने, वाढायची साइमीने. तो जव भिजवायचा, गरम पाण्यात मुरवायचा, ॲस्पनच्या खोडातून कोरलेल्या लांब डोणीत तळाला ज्युनिपरच्या डहाळ्या अंथरून तो लगदा गाळायचा, यीस्ट घालायचा आणि कॅन तळघरात उतरवायचा. मग शनिवार यायचा. सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापायचा, अंगं भाजून निघालेले लाल-लाल शेजारी ओसरीवर वाफा सोडत बसायचे, आणि साइमी आपला माहेरचा दोन कानांचा लाकडी वाडगा भरून फिरवायची. वाडगा डावीकडे सरकत जायचा, साइमीचं बोलणं उजवीकडे सरकत जायचं, आणि विल्पू मध्ये बसून ऐकायचा. बोलावणं कुणाला जायचं नाही. लोक आपले यायचे. कसे आणि का, हे विल्पूने कधी मनात आणलं नाही. पाऊस का पडतो हे बटाटा विचारत बसत नाही.

त्या वाडग्यावरून मात्र नवरा-बायकोत दर शनिवारी एक भांडण ठरलेलं. साइमी सकाळी तो घासूनपुसून ओसरीच्या कठड्यावर मांडायची, रस्त्याच्या बाजूला, भर उन्हात. लाकडी भांडं असं वाळवलं की त्याला फटी पडतात, हे शेंबडं पोरही सांगेल. विल्पू सांगायचाच. “फटी पडतील.” साइमी म्हणायची, “वारा लागू दे जरा.” घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं, यांच्याकडे ते एकाच भांड्यावरून लागत असे.

तळ्यावर अजून बर्फ होता तेव्हा साइमी गेली. क्रियाकर्म आटोपून सगळे परतल्यावर विल्पूने पहिलं काम काय केलं असेल, तर तो वाडगा धुतला, पुसला, तिच्या धुवट टॉवेलात गुंडाळला आणि शेगडीशेजारच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. आता तरी त्याला ऊन लागणार नव्हतं. तिच्या वस्तूची तिच्याहून जास्त काळजी घेतल्याचं थोडं समाधानही त्याला वाटलं.

पुढच्या शनिवारी त्याने सॉना तापवला आणि ओसरीवर बसून राहिला. शेजारच्या ओन्नीचा ट्रॅक्टर रस्त्यावरून आला, घरासमोर मंदावला आणि निघून गेला. समोरच्या घरातली हेल्वी काठी टेकत आली, फाटकाशी थबकली, कठड्याकडे बघितलं आणि मान खाली घालून तीही गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. बर्फ वितळला, तळ्यावर हंस आले, बर्चला पानं फुटली, सगळ्यांना विल्पूच्या घराची वाट सापडली, फक्त शेजाऱ्यांना नाही. विल्पूने याचा अर्थ स्वतःच लावला, कारण आता लावून द्यायला कुणी नव्हतं. ही सगळी माणसं साइमीकडे येत होती. बरोबरच आहे. माझ्याकडे येऊन काय करणार? गप्प बसायला प्रत्येकाला स्वतःचं घर आहे.

त्याने कुणालाही दोष दिला नाही. फक्त मनातल्या मनात आपलं घर एका माणसापुरतं करायला घेतलं. खुर्च्या आत नेल्या. कॉफीचं मोठं भांडं फळीवर पालथं घातलं. पण साहतीचं काय करायचं? उन्हाळ्याच्या सणाला हातांनी सवयीने जव भिजवले आणि कॅन भरला. त्या रात्री रात्र होतच नाही, तळ्याकाठी होळ्या पेटतात, दुसऱ्या काठावरचं गाणं ऐकू येतं. विल्पूने कॅन उघडला, एक पेला प्यायला, दुसरा प्यायला, आणि कॅनमध्ये डोकावून बघितलं तर पातळी हललीसुद्धा नव्हती. दोन-तीन दिवसांत साहती आंबली. त्याने कॅन गोठ्यामागच्या रोवनच्या झाडाशी नेला आणि ओतून दिला. ओतताना टोपी काढली होती.

टाम्पेरेहून लेकीचा, काइसूचा फोन आला. ती म्हणाली, बाबा, मग कमी कर ना. शहरात राहिलं की माणसाला असं सुचतं. विल्पूने कमी करून बघितलं. पण त्याच्या आजोबांनी कोरलेल्या डोणीला कमी हा प्रकार माहीत नव्हता. एवढ्याशा लगद्याचा तिच्यात थर बसेना, गाळणं होईना; नळीतून जे आलं ते प्यायचं की चमच्याने खायचं असा प्रश्न पडला. तेव्हा डोणी लहान होत नाही, हे ठरलं. साहती पूर्वीइतकीच होणार. लहान करायची तर भांडी करायला हवीत. एक भांडं, एक माणूस, एक संध्याकाळ. बाकीची बंद ती बंद.

आणि विल्पू कामाला लागला.

पहिला मान काचेच्या बाटल्यांना मिळाला. त्या दिसायला सुरेख होत्या आणि एका दुपारी तळघरात एकामागून एक अशा फुटल्या, की ओन्नीला वाटलं एल्कची शिकार यंदा लवकर सुरू झाली. तो बंदूक पुसायला बसला. मग मुरंब्याच्या बरण्या झाल्या. त्यांची झाकणं जेवलेल्या पाद्र्याच्या पोटासारखी वर आली, तेव्हा विल्पूने त्या घाबरून स्वतःच उघडल्या. थर्मासच्या बुचाने छपराचा वेध घेतला, साहतीला कॉफीचा वास लागला आणि पुढे बरेच दिवस कॉफीला साहतीचा. शेवटी त्याने शेक घ्यायची रबरी पिशवी काढली. विचार चुकीचा नव्हता. फुगली तर फुगेल, थोडी प्यायल्यावर दाबून हवा काढता येईल. पण चव अगदी सायकलच्या ट्यूबची आली. तरीही पिशवी त्याने संपवली. प्रयोग अर्धवट टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

यश मिळालं ते नातवाने विसरलेल्या लिंबूपाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. ती भरायची, साहती ओठापर्यंत येईस्तोवर पोट दाबायचं, हवा गेली की टोपण लावायचं, तळघरात उभी करायची आणि रोज एकदा टोपण सैल करून तिला एक सुस्कारा टाकू द्यायचा. बस. शनिवारी सॉनानंतर विल्पू ती बाटली घेऊन ओसरीवर बसला. साहती ताजी होती, जराशी गोड, मागून ज्युनिपरचा कडवटपणा, जशी हवी तशी. तो निम्मी प्यायला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपला हात बाटली घेऊन डावीकडे गेलाय. तिथे कुणी नव्हतं. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तो परत आणला आणि बाटली संपवली. बरोबर एका माणसापुरती होती.

आता अशा पुष्कळ बाटल्या हव्या होत्या. विल्पू लिंबूपाणी पीत नसे, आणि नुसत्या बाटलीसाठी विकत आणून आतलं ओतून देणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. तेव्हा, जन्मात केली नव्हती ती गोष्ट त्याने केली. टोपी घातली आणि शेजाऱ्यांकडे काहीतरी मागायला निघाला.

पहिलं दार हेल्वीचं. हेल्वी शाळेत स्वयंपाकीण होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिच्या आवाजासमोर मोठमोठी माणसं ताट पुढे करून उभी राहत.

“बाटली आहे का?” विल्पू म्हणाला.

“कसली?”

“लहान.”

हेल्वी त्याच्याकडे बघतच राहिली. कशाला, असं तिने विचारलं नाही. तसं विचारणं तिथल्या रीतीत बसत नाही. आत गेली, बराच वेळ भांडी वाजवली आणि एक स्वच्छ धुतलेली बाटली आणून त्याच्या दोन्ही हातांत दिली. तिचे डोळे ओले होते. कांदा चिरत असेल, असं विल्पूला वाटलं.

ओन्नीने तर कमालच केली. फळीवर तीन बाटल्या होत्या. त्याचा हात आधी मोठीकडे गेला, मग थांबला, मागे आला आणि सगळ्यात धाकटी घेऊन आला. “ही पुरे,” तो म्हणाला. विल्पूला बरं वाटलं. किती समजूतदार माणूस, लहान म्हटल्यावर लहानच देतो. घराघरांतून तोच अनुभव. जो तो लाजतलाजत, इतकी नको, एवढी कशाला, असं पुटपुटत लहानातली लहान बाटली काढून देत होता. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या सेल्माने खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून दिली आणि वर म्हणाली, “मला एवढी पुष्कळ.” तिला कशाला पुष्कळ, हे विल्पूला कळेना, पण वयाचा मान ठेवून तो ‘हं’ म्हणाला.

ऑगस्टमध्ये त्याने डोणी काढली आणि या वेळी साहती अशी उतरली की साइमी असती तर तिने गावाला आठवडाभर सांगितलं असतं. त्याने सगळ्या बाटल्या भरल्या, एकेकीची हवा काढली आणि तळघराच्या फळीवर उंचीप्रमाणे ओळीत मांडल्या. सेल्माची शेवटी. तो दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला. सगळं नीट बसलं होतं. इतकं नीट बसलं होतं, की त्याला तिथून लवकर बाहेर यावंसं वाटलं.

शनिवारी दुपारी ओन्नी आला. साइमी गेल्यापासून पहिल्यांदाच फाटकाच्या आत आला. हवा बरी आहे म्हणाला. विल्पूने हवेकडे बघितलं आणि मान्य केलं. बटाटा यंदा बारीक आहे म्हणाला. तेही मान्य झालं. मग ओन्नी उभाच राहिला. एकदा तळघराकडे बघितलं, एकदा आकाशाकडे, कान खाजवला, आणि परत गेला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं असतात. इथे भांडं आधीच विल्पूकडे होतं, तरी ओन्नीला ताकाचं नाव काढवेना. त्याच्यामागून आणखी एकजण येऊन हवा बरी असल्याचं सांगून गेला. मग तिसरा. गावाला अचानक हवेचं एवढं काय पडलंय, या विचारात विल्पू पायरीवर बसला असताना हेल्वी फाटक ढकलून आत आली. तिने हवेचं नाव काढलं नाही.

“विल्पू, माझी बाटली भरलीस का?”

“भरली.”

“मग आण की.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? माझी आहे ती.”

“ती मला प्यायला भरलीय,” विल्पू म्हणाला.

हेल्वीने काठी दुसऱ्या हातात घेतली. “आणि ओन्नीची?”

“तीही मलाच.”

“आणि सेल्माची? खोकल्याची?”

विल्पूने विचार केला. “ती रविवारसाठी.”

हेल्वी हळूच त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मग तिने शाळेतल्या पोराला विचारावं तसं विचारलं, शेजाऱ्याकडून भांडं आणलं की त्याचं काय करायचं असतं? विल्पू म्हणाला, परत द्यायचं. कसं परत द्यायचं? विल्पूने बूट बघितले. आयुष्यात त्याने कुणाचं भांडं आणलंही नव्हतं आणि परतही दिलं नव्हतं. ते सगळं साइमीच्या खात्यातलं. हेल्वीची ताटली आली की साइमी तिच्यात गरम बन ठेवून पाठवायची, ओन्नीच्या बादलीत मासे, सेल्माच्या कपात निदान मूठभर बेरी. शेजारचं भांडं तिथे रिकामं घरी जात नाही. हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. विल्पूला सांगायचं फक्त कुणाला सुचलं नव्हतं.

“मेल्या, तू दारोदार बाटल्या मागत फिरलास,” हेल्वी म्हणाली. “आम्हाला वाटलं, साहती देतोयस. तुझ्या परीने बोलावतोयस. ओन्नी तर म्हणाला, हावरटपणा नको, लहानच द्यायची.”

विल्पू म्हणाला, “तुम्ही येत नाही. म्हणून लहान.” मग म्हणाला, “मोठा कॅन आंबतो.”

“आम्ही येत नाही? वाडगा आत कुणी नेला?”

“मी.”

“का?”

“फटी पडल्या असत्या.”

हेल्वीने त्याच्याकडे असं बघितलं की तिला हसायचंय का रडायचंय हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. “अरे, ती दर शनिवारी सकाळी तो कठड्यावर ठेवायची. कोरडा. रस्त्याकडे तोंड करून. तुला काय वाटलं, वारा खायला? वाडगा बाहेर म्हणजे या. नाही म्हणजे आज नको, घरात कुणी आजारी आहे. सगळं गाव जाता-येता बघायचं. ती गेली, तू वाडगा आत नेलास. आम्ही म्हटलं, माणसाला एकटं राहायचंय, राहू द्यावं. दर शनिवारी बघून जात होतो की.”

तळ्यावरून वारा आला आणि कठड्यावरच्या रिकाम्या जागेवरून गेला. विल्पूला शनिवारच्या कितीतरी सकाळी दिसायला लागल्या. साइमी वाडगा ठेवते आहे, आपण फटींबद्दल सांगतो आहोत, आणि ती आपल्याकडे न बघता रस्त्याकडे बघत म्हणते आहे, वारा लागू दे जरा. एवढी बोलणारी बाई, आणि एवढी एक गोष्ट तिने सांगितली नाही. की सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही? आपल्या नवऱ्याला एवढं तरी कळत असेल, असा तिने भाबडा विश्वास ठेवला असेल.

तो उठला. आत जाऊन कपाटातून टॉवेलाचं गाठोडं काढलं. वाडगा बाहेर आला तेव्हा शेगडीच्या उबेत राहून राहून त्याच्या तळापासून कानापर्यंत फटी पडलेल्या होत्या. सगळ्या उन्हाळ्यांत पडल्या नव्हत्या त्या, एका काळजीच्या उन्हाळ्यात. विल्पूने त्यांवरून अंगठा फिरवला. मग त्याने वाडगा कठड्यावर ठेवला, रस्त्याच्या बाजूला. जरा मागे सरून बघितलं आणि एक कान किंचित फिरवला. साइमी तसा ठेवायची. हेल्वी काठी टेकत उठली आणि घरी गेली, सॉनासाठी आपला टॉवेल आणायला.

सॉना अजून धड तापलाही नव्हता तेव्हा ओन्नी फाटकात दिसला. तो म्हणाला, हवा बरी आहे. मग बाकीचे आले. सेल्माला कुणीतरी हाताला धरून आणलं. खुर्च्या पुन्हा बाहेर निघाल्या. अंगं भाजून, तळ्यात बुडून सगळे ओसरीवर वाफा सोडत बसले, आणि विल्पू तळघरातून बाटल्यांची टोपली घेऊन आला. आता खरी अडचण उभी राहिली. या बाटल्या ज्याच्या त्याला द्याव्यात, तर जो तो आपली बाटली घेऊन बसणार. एका माणसाला एक. विल्पूने टोपलीकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं, आणि हेल्वीची बाटली उघडून वाडग्यात ओतली. मग ओन्नीची. मग जेवढ्या मावल्या तेवढ्या.

वाडगा ठिबकायला लागला. फटींतून साहती ओन्नीच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून पायरीवर. भिजून लाकूड फुगेस्तोवर तो गळतच राहणार होता, म्हणून थांबायला वेळ नव्हता. घोट घेऊन लगेच डावीकडे, लगेच डावीकडे. सेल्मा खाली हात धरून ठिबकणारं झेलत होती आणि तळहात चाटत होती. हेल्वी म्हणाली, साइमी असती तर विल्पूला चांगलं ऐकवलं असतं, फटी पाडल्यास म्हणून. सगळे हसले. विल्पू हसला नाही, पण वाडगा त्याच्याकडे आला तेव्हा त्याने तो जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि त्याची पँट भिजली.

अंधारायच्या आधी टोपली रिकामी झाली. विल्पूने हेल्वीची बाटली पुसली आणि तिच्यापुढे धरली. हेल्वीने हात मागे घेतला.

“रिकामी? मला काय घरदार नाही?”

त्याने ओन्नीकडे वळून बघितलं. ओन्नीने आकाशाकडे बघितलं. सेल्माने तर आपली खोकल्याची बाटली ओळखायलाच नकार दिला. विल्पू सगळ्या रिकाम्या बाटल्या मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याने बूट बघितले. मग वर बघून म्हणाला, “तळघर फार थंड आहे आमचं.”

सगळ्यांना अर्थ कळला. ओन्नी म्हणाला, “हं.” हेल्वी टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाली, “हं तर.” सगळे गेल्यावर विल्पूने वाडगा पाण्यात बुडवून ठेवला आणि गोठ्यात जवाचं पोतं बघायला गेला.